काडी, बोरू, टाक आणि काच

स्टायलस म्हणजे टॅबलेटच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर रेघ ओढण्यासाठी केलेली, शाई नसलेली लेखणी. तिची निवड हा वरवर पाहता गेल्या दहा-पंधरा वर्षांतला, दुकानातल्या कपाटापुढे उभे राहिल्यावरच पडणारा प्रश्न असला, तरी रेघ जाड किंवा बारीक कशाने होते या फार जुन्या प्रश्नाचेच ते आजचे रूप आहे. रेघेची जाडी हाताच्या दाबाने ठरते, टोकाच्या कोनाने ठरते, किंवा ती मुळी बदलतच नाही, या तिन्ही शक्यता महाराष्ट्रातल्या लिहिणाऱ्यांच्या आणि चित्र काढणाऱ्यांच्या हातात वेगवेगळ्या साधनांच्या रूपाने नांदत आल्या आहेत. आणि आज विकली जाणारी प्रत्येक स्टायलस यांपैकी कुठल्या ना कुठल्या साधनाची वारस आहे. बाजारात मात्र चर्चा होते ती बहुतेक करून एकाच वारशाची, म्हणजे दाबाची.

आधी मुळीच न बदलणारी रेघ घेऊ. ठाणे जिल्ह्याचे नाव जगाच्या कलेतिहासात गेले ते कुडाच्या भिंतींवरच्या अशाच पांढऱ्या रेघांमुळे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा वारली आदिवासींचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप आणि गेरूचा हात, अशा भिंतीवर लग्नप्रसंगी सवाशिणी पालघट देवीचा चौक लिहीत. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, त्यात डिंक घालून रंग तयार होई, आणि तो लावायचे साधन म्हणजे बांबूची काडी. काडीचे एक टोक दातांनी चावून त्याचे तंतू मोकळे केले की त्यात पातळ पीठ थोडा वेळ धरून राहते आणि टोक भिंतीवर टेकले की सावकाश उतरते. या टोकाला दाब कळत नाही आणि कोनही कळत नाही. दोन त्रिकोण एकमेकांना टोकाशी जोडून झालेले माणसाचे धड असो की तारपा या वाद्याभोवतीचा नाच असो, रेघ एकाच जाडीची चालते, आणि चित्राचा सगळा जीव रेघेच्या जाडीवर नव्हे तर तिच्या जागेवर, लयीवर आणि दाटीवर उभा राहतो. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून ती देशोदेशी पोहोचली, आणि मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी एकसारख्या रेघेचा धर्म त्या कलेने सोडला नाही.

लिहिण्याची परंपरा याहून वेगळ्या साधनावर वाढली. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला लेख दगडात छिन्नीने कोरलेला आहे. दगडावर जे कोरायचे ते कायमचे. परंतु शिकण्याचे आणि हिशेबाचे काम त्या काळी पुसता येण्याजोग्या पृष्ठावर चाले. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून त्यावर कोरड्या काडीने अक्षरे किंवा आकडे काढायचे आणि हात फिरवून पुन्हा फळी कोरी करायची, या साधनाला धूळपाटी म्हणतात, आणि गणिताच्या जुन्या ग्रंथांतून आकडेमोडीला धूलिकर्म असे नाव आढळते ते याच सवयीमुळे. पंतोजींच्या शाळांतून धुळाक्षरे गिरवण्याची पद्धत दगडी पाटी आणि पाटीवरची पेन्सिल घरोघर येईपर्यंत टिकली. कोरडे टोक, पुसले जाणारे पृष्ठ आणि गिरवून बसलेले वळण ही तिन्ही टॅबलेटची वैशिष्ट्ये धूळपाटीत होती. नव्हते ते एवढेच, की पुसलेले परत आणता येत नसे.

कागदावरच्या लेखनात राज्य होते ते बोरूचे. बरू नावाच्या उंच गवताची वाळलेली, टणक कांडी घेऊन तिचे टोक चाकूने दोन्ही बाजूंनी तासायचे, मध्ये शाई उतरण्यापुरती बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक कठीण पाटावर टेकवून एकाच झटक्यात तिरके कापायचे, अशी ही लेखणी तयार होई. सारे मर्म या शेवटच्या कापात असते. टोक रुंद आणि चपटे असल्यामुळे ते ज्या दिशेने ओढले जाईल तसतशी रेघ आपोआप जाड किंवा बारीक उतरते. हात दाबावा लागत नाही, किंबहुना दाबला तर टोक फिसकटते. रोमन अक्षरांसाठी टोक ज्या बाजूला उतरते कापतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीच्या बोरूचा काप उतरता असतो, आणि म्हणूनच दोन लिप्यांतला जाडपणा अक्षराच्या वेगवेगळ्या अंगांवर बसतो. पोथी लिहिणारा रुंद कापाचा बोरू घेई. दफ्तरातला कारकून झपाट्याने मोडी लिहायचे म्हणून अरुंद कापाचा. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघा आखून घेतात आणि मग त्यांना टांगल्यासारखी अक्षरे, हात शक्य तितका न उचलता, एकमेकांत गुंफत नेतात. परंपरा या लिपीचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते. काजळ आणि डिंक खलून केलेल्या शाईत बोरू बुडवायचा, ओळ लिहायची, ओली शाई सुकावी म्हणून वर वाळू शिंपडायची, आणि टोक बोथट झाले की पुन्हा चाकू लावायचा. म्हणजे लेखणीची निवड एकदा करून संपत नसे, ती दिवसातून अनेकदा नव्याने करावी लागे. अशा कारकुनांना पुढे लोकांनी बोरूबहाद्दर म्हणून हिणवले, हा त्यांच्या कसबावर झालेला अन्यायच म्हणावा लागेल.

टोकाइतकेच महत्त्व पृष्ठाला होते. हातकागदाला पिठाची खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत, कारण खरबरीत कागदावर बोरू अडखळतो आणि शाई पसरते. जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद या कामासाठी नावाजलेला होता. आजची अडचण याच्या बरोबर उलटी आहे, ती अशी की काच मुळातच इतकी गुळगुळीत असते की कठीण टोक तिच्यावरून निसटते, आणि म्हणून चित्रकार पडद्यावर किंचित खरखरीत पारदर्शक पापुद्रा चिकटवतात. त्या खरखरीने हात स्थिर होतो खरा, पण स्टायलसचे टोक लवकर झिजते आणि नवे बसवावे लागते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात बर्मिंगहॅमला यंत्रावर तयार होणाऱ्या पोलादी निबा हिंदुस्थानात आल्या आणि लाकडी दांडीत बसवलेली निब, म्हणजे टाक, बोरूची जागा घेऊ लागला. टाकाचे तत्त्व निराळे होते. बारीक टोकाची लवचीक निब दाबली की तिच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ जाड होते, दाब काढला की रेघ पुन्हा केसासारखी होते. जाडी आता कोनाने नव्हे तर दाबाने ठरू लागली. इंग्रजी अमदानीतल्या मोडी कागदांतली रेघ पेशवाईतल्या कागदांहून बारीक आणि एकसुरी दिसते त्याचे मोठे कारण हेच. त्याच सुमारास आणखी एक साधन आले ते शिसपेन्सिल. ग्राफाइटमध्ये माती मिसळून कठीण-मऊ शिसे करण्याची युक्ती फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते याने १७९५ मध्ये काढली होती, आणि या साधनात रेघ बदलायची तर पेन्सिल आडवी धरायची, म्हणजे टोकाऐवजी शिशाची कड कागदाला लागून छटा भरली जाते. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने हे साधन विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडले. याच शाळेच्या मंडळींनी १८६८ मध्ये सरकारी आदेशावरून अंबरनाथच्या देवळाची रेखाटने केली आणि त्याच्या कोरीव कामाचे साचे घेतले. या देवळाचे दगडी नक्षीकाम कागदावर उतरवले गेले ते असे. पुढे १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करण्याचा उद्योग काढला, त्यातून कॅम्लिन उभी राहिली, आणि मराठी घरातल्या शाळकरी मुलाचे दप्तर तिच्या शाईने आणि रंगांनी भरून गेले.

विजेवर चालणाऱ्या लेखणीचा इतिहास यामानाने थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढून दाखवली, १९६४ मध्ये रँड संस्थेची आडवी पाटी आली, आणि १९८३ मध्ये जपानात स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने तारेचे शेपूट नसलेले पेन आणले. वॅकॉमच्या पेनात बॅटरी नसते. पाटीखालच्या तारांच्या जाळीतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवर पेनातले वेटोळे निनादते आणि आपली जागा, दाब व कल परत कळवते. मोबाइलचा मार्ग वेगळा ठरला. २००७ मध्ये आयफोन आणताना स्टीव्ह जॉब्ज यांनी स्टायलसची जाहीर खिल्ली उडवली होती, आणि बोटाच्या विद्युतभाराने चालणारा काचेचा पडदा सगळीकडे रूढ झाला. तरीही २०११ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोटमध्ये वॅकॉमचेच तंत्र वापरून पेन परत आणले, आणि २०१५ मध्ये खुद्द ॲपलने ॲपल पेन्सिल बाजारात आणली.

या वेगवेगळ्या वाटांमुळे आज ग्राहकापुढे दोन जातींची पेने आहेत. पहिल्या जातीच्या पेनाला रबराचे किंवा पारदर्शक चकतीचे टोक असते, ते फक्त बोटाची नक्कल करते, कुठल्याही स्पर्शपडद्यावर चालते आणि उल्हासनगरच्या बाजारात किंवा कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात स्वस्तात मिळते. दुसऱ्या जातीचे पेन पडद्याखालच्या खास जाळीशी बोलते, म्हणून ते त्या त्या कंपनीच्या ठरावीक उपकरणावरच चालते. ज्या फोनमध्ये अशी जाळी नाही त्यावर महागडे पेनही दाब कळवू शकत नाही. पहिल्या जातीला कमी लेखण्याची रीत आहे, ती सर्वस्वी बरोबर नाही. वारली पद्धतीची, एकसारख्या जाडीची रेघ काढणाऱ्याला चावलेल्या काडीने जे दिले ते रबरी टोकही देते. त्याला अडचण येते ती टोक जाडजूड असल्यामुळे रेघ नेमकी कुठे उमटणार हे दिसत नाही, आणि टेकलेल्या तळहातालाही पडदा स्पर्श समजतो, याची. चकतीच्या टोकाने पहिली अडचण बरीचशी दूर होते; दुसरीसाठी हात उचलून धरण्यावाचून किंवा हातमोजा घालण्यावाचून इलाज नसतो.

दुसऱ्या जातीत खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो दाबाच्या पातळ्यांचा, ४०९६ किंवा ८१९२. हा आकडा टाकाच्या वारशातला आहे. व्यंगचित्र, अर्कचित्र किंवा कुंचल्यासारखी फुगणारी-निमुळती होणारी रेघ ज्याला हवी त्याला दाब हवाच, परंतु ४०९६ आणि ८१९२ यांतला फरक माणसाच्या हाताला कळतो असे मानण्यास फारसा आधार नाही. त्याहून हलक्यात हलका स्पर्श पेन पकडते की नाही आणि रेघ टोकामागे किती रेंगाळते, हे दुकानात दोन तिरप्या रेघा सावकाश ओढून पाहणे अधिक उपयोगाचे. छटा भरणाऱ्याला, म्हणजे शिसपेन्सिलीच्या परंपरेतल्या माणसाला, कल ओळखणारे पेन लागते. २०२३ मध्ये आलेल्या स्वस्त ॲपल पेन्सिलीला कल कळतो पण दाब कळत नाही, ही गोष्ट ध्यानात न घेता ती घेणारे पुढे हळहळतात.

राहिला बोरू. देवनागरी सुलेखन करणाऱ्याला दाब नको आणि नुसता कलही पुरत नाही; चपट्या टोकाची दिशा, म्हणजे पेन स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरले आहे, हे उपकरणाला कळावे लागते. मराठी अक्षरकलेत हा प्रश्न संगणक आल्यापासून ऐरणीवर आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आयुष्यभर कलमाने अक्षरे घडवली आणि विंडोजमधील मंगल हा देवनागरी टंकही त्यांनीच घडवला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मोडीचा अभ्यास केलेले सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. या दोघांच्या परंपरेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक स्टायलस अपुऱ्या पडतात, कारण पेन फिरवले तरी पडद्यावरचे टोक फिरत नाही. मग चित्रांच्या ॲपमध्ये टोकाचा कोन आधीच पक्का बांधून घ्यावा लागतो, आणि तयार मिळणारी सुलेखनाची टोके रोमन लिपीच्या कोनात असल्यामुळे तो कोन उलटा करून घ्यायचे राहिले तर अक्षर परके दिसते. पेनाचे हे फिरणे ओळखणारी साधने मोजकीच आहेत. वॅकॉमचे आर्ट पेन ते काम करते, आणि २०२४ च्या ॲपल पेन्सिल प्रोमध्ये ती सोय आली, मात्र ही पेन्सिल त्या वर्षी आणि त्यानंतर आलेल्या ठरावीक आयपॅडवरच चालते, जुन्या आयपॅडवर चालत नाही.