शनिवारचा खाडा

संशोधन ही गोष्ट दुसऱ्याने करावी आणि आपण तिचा पेपरातला सारांश चहाबरोबर वाचावा, असं माझं आजवरचं धोरण होतं. ते मोडलं पुतण्याने. अलिबागजवळ अष्टागरात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला एक ओसाड घर आहे. निम्मी कौलं गेलेली, पडवीत वाळवी आणि दाराला भलंमोठं कुलूप. म्हणजे आत जायला चार भगदाडं आहेत, पण दार मात्र बंद! घर आमचं नाही, त्याची किल्ली मात्र पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात खुंटीला.

"काका, इथे होमस्टे काढू," पुतण्या म्हणाला. "फक्त घर कुणाचं ते शोधून काढा. तुम्ही रिकामेच आहात."

रिकामा माणूस आणि इतिहास यांची गाठ अशीच पडते.

त्या घराबद्दल आमच्याकडे दोन गोष्टी वेदवाक्यासारख्या होत्या. एक, वाडी आजोबांनी रोख पैसे मोजून विकत घेतली. दुसरी, शनिवारी त्या वाडीत कुदळ लावायची नाही की नारळ पाडायचे नाहीत. कारण शनीची पीडा. हा शनी मोठा हिशेबी असावा. कारण बांधापलीकडच्या आमच्याच दुसऱ्या तुकड्यात शनिवारी काहीही केलं तरी त्याची हरकत नसे.

संशोधनाला मी अंगणापासून सुरुवात केली. तिथे एक दगडी, मधे खोलगट असं प्रकरण गवतात पडलेलं आहे. मी ताडलं, हा तोफेचा गाडा ठेवण्याचा दगड. कुलाबा किल्ला हाकेवर, आंग्र्यांचं आरमार इथलंच. मग जुने फेरफार काढले. ते मोडीत. एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी वाचून दाखवलं, तर खातेदार 'अमुकजी बिन तमुकजी'. (घराण्यातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही, पण 'जी' खरा.) झालं! मी आंग्र्यांच्या एका विस्मृत सरदार घराण्याचा शोध लावून मोकळा झालो. नऊ पानं लिहिली. सौ.ला वाचूनही दाखवली. ती भाजी निवडत होती. नववं पान संपलं तेव्हा मेथी संपलेली होती, एवढीच दाद मिळाली.

सरदार घराणं पाडलं आमच्या गड्याने. "तोफेचा कसला दगड? घाणा हाय तो, तेलाचा."

म्हणजे तेली. पण मग नावापुढे आडनाव आमच्याच गावाचं, आणि गावातल्या कुठल्याच तेल्याला ते घराणं माहीत नाही. शेवटी अलिबागच्या इस्राएल आळीत गेलो. तिथे 'मागेन आबोथ' हे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर आहे. १८४८ साली बांधलेलं, १९१० साली पुन्हा उभारलेलं. तिथे भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझी नऊ पानं शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "अहो, हे आमच्यातले. शनवारतेली."

बेने इस्राएल! नवगावच्या किनाऱ्यावर फुटक्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे, शेती करायचे आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्याचं नाव आडनाव म्हणून घेतलं : किहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर. पहिली नावंही कोकणी हवा लागून बदलली. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, बेंजामिनचा बन्नाजी आणि अब्राहामचा अबाजी झाला. त्यांच्यातल्याच हाईम सामुएल किहीमकरांनी १८९७ साली जमातीचा इतिहास लिहिला; तो छापला गेला १९३७ साली, थेट तेल अवीवमध्ये. माझ्या नऊ पानांना इतकी वाट पाहावी लागणार नाही. ती बंबात गेली. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्राएल होते, हे मागाहून कळलं. पण तोवर पाणी तापलं होतं.

गंमत बघा, इथे मी त्यांना 'जी'वरून मराठे ठरवत होतो आणि इस्राएलात गेलेल्यांना तिथले धर्मगुरू लग्नाच्या वेळी विचारत होते, तुम्ही यहुदी कशावरून? १९६४ साली तिथल्या सरकारने हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत असं जाहीर केलं. आमच्या शेजारचं घर पुढच्या वर्षी, १९६५ साली, रिकामं झालं.

एवढं कळल्यावर थांबायला हवं होतं. पण संशोधकाला थांबता येत नाही. मी पुढचा फेरफार काढला, आणि त्यात आमचे आजोबा भेटले. रोख पैसे मोजणारे नव्हे. कूळ! १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली आणि आजोबा मालक ठरले. किंमत सरकारने ठरवलेली, सारा-आकाराच्या पटीत, तीही हप्त्यांनी. कायद्यात वावगं काही नव्हतं. तरी घरी येऊन मी आजोबांच्या फोटोकडे जरा कमीच पाहिलं.

आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारलं.

"मग काय! आठ वर्षं दोन्ही घरं बोलत नव्हती," ती म्हणाली. "बाबा तर मुद्दाम शनिवारीच तिथे कुदळी घालायचे. ते बिचारे पडवीत बसून बघायचे."

"आणि शनीची पीडा?"

"शनी कसला मेला? जायच्या आदल्या दिवशी म्हातारा स्वतः आला. किल्ली बाबांच्या हातात दिली."

"ज्याने जमीन घेतली त्याच्याच हातात?"

"दुसऱ्या कुणाच्या देणार? घर कुठे गळतं ते बाबांनाच ठाऊक होतं." आत्या थोडा वेळ सुपारी कातरत राहिली. "पुढच्या शनिवारी बाबा वाडीत गेलेच नाहीत. त्यानंतर कधीच नाही. का म्हणून आईने विचारलं, तर म्हणाले, पाठ दुखते. साठ वर्षं दुखतेय बघ या घराची पाठ!"

इस्राएल आळीतल्या गृहस्थांनी पत्ता मिळवून दिला. मी पत्र टाकलं. आडनाव लिहिताना हात अडला. आमचं आडनाव ऐकून कुणाला आमचं गाव कळणार नाही; ते मात्र आता अश्दोदमध्ये टपालपेटीवर लिहिलेलं आहे.

उत्तर आलं, वळणदार मराठीत, घरातल्या मुलीचं. मुलगी म्हणजे आता ऐंशीची. लिहिलं होतं : घराचं काय करायचं ते मुलं ठरवून कळवतील. तिला चौकशी दोनच. विहिरीकडचा जाम्ब अजून धरतो का? आणि आईचं पितळेचं मोठं तबक, ज्यात एलिया हन्नबीचा मलिदा करायचे, गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा, ते सामानात बसलं नाही म्हणून तुमच्या आजीकडे ठेवलं होतं. आहे का?

जाम्ब धरतो. तबकही आहे. आमच्या देवघरात. दर श्रावणात सत्यनारायणाचा शिरा त्यातूनच वाटला जातो, आणि त्याच्या काठावरच्या अक्षरांना आम्ही सगळे आजवर नक्षी समजत होतो.

हे तिला कसं कळवावं, याची तीन पत्रं फाडून झाली आहेत. पुतण्या रोज विचारतो, "काका, होमस्टेचं काय?" सौ. तबक चिंचेने घासते आहे. आज शुक्रवार. चौथं पत्र उद्या लिहायला घेणार होतो, पण उद्या शनिवार. आता रविवारी.