जव्हार-मोखाड्याची शाळा आणि परदेशाची वाट

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके. दोन्हींतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि मल्हार कोळी हे येथील प्रमुख समाज. शिक्षणाच्या निमित्ताने या भागातील मुले परदेशी जाऊ लागली, त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत. एका राजपुत्राच्या प्रवासाने सुरू झालेली ही वाट आश्रमशाळेतील विद्यार्थ्यांपर्यंत कशी आली, हा या भागाच्या सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा धागा आहे.

शेजारी असूनही दोन्ही तालुक्यांचा पूर्वेतिहास वेगळा आहे. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते. जयबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला आणि १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून या राज्याला मान्यता मिळाली. ब्रिटिश काळात संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल होते. १९०१ च्या जनगणनेत तेथे ४७,५३८ लोकांची नोंद झाली. मोखाडा मात्र थेट ब्रिटिश अमलाखाली होता आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून त्याचा कारभार चाले. मुंबईहून निघालेले दोन लोहमार्ग या डोंगरांच्या दोन्ही अंगांनी गेले. एक कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीकडे गेला, तर दुसरा पालघर-डहाणूवरून गुजरातकडे. जव्हार-मोखाड्यात रेल्वे आली नाही. त्यामुळे बाहेरगावी शिकायला जाणाऱ्याला आधी पायी किंवा बैलगाडीने घाट उतरून स्टेशन गाठावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातून परदेशी शिक्षणासाठी जाण्याची सुरुवात झाली होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हे प्रवास एकेकट्याचे होते. तरुणांच्या पथकाने मिळून परदेशी जाण्याचे एक ठळक उदाहरण १९३६ चे आहे. त्या वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने तेथे सादर केली. शिष्यवृत्तीमागे संस्थानिक होता आणि पथकामागे संस्था होती. परदेशी निघणाऱ्या विद्यार्थ्याला अशा पाठबळाची गरज कायम राहिली.

जव्हारमध्ये असे पाठबळ प्रथम राजवाड्यालाच होते. १९१७ साली जन्मलेले यशवंतराव मुकणे १९२७ मध्ये लहान वयात गादीवर आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकल्यानंतर ते इंग्लंडला गेले. संस्थानिकांच्या मुलांसाठी त्या काळी हा रुळलेला शिक्षणक्रम होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी भारतीय हवाई दलात सेवा केली आणि स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत संस्थानाने प्राथमिक शिक्षण आणि औषधोपचार मोफत केले. तरीही राजपुत्राचे शिक्षण आणि रयतेच्या मुलाचे शिक्षण यांत मोठे अंतर होते. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात वेठबिगार होती. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडण्यासाठी तरुण जोडप्याने सावकाराच्या घरी राबायचे, ही लग्नगडीची पद्धतही होती. ज्या घरातील माणसे दुसऱ्याच्या शेतात बांधलेली, त्या घरातील मूल शाळेत टिकणे अवघड होते. १९४५ पासून गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने केलेल्या लढ्याने वेठीचा कणा मोडला. या भागातील शिक्षणाच्या इतिहासात शाळांच्या स्थापनेइतकेच महत्त्व या लढ्याला आहे.

त्याच सुमारास शिक्षणाचे प्रयोगही सुरू झाले. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ उभे राहिले आणि आचार्य शं. रा. भिसे यांनी त्या कामाला वाहून घेतले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडला हलले आणि अनुताई वाघ यांनी तेथे ताराबाईंसोबत काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या पाड्यावर जावे, हे कोसबाडच्या प्रयोगाचे सूत्र होते.

१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत आश्रमशाळांची योजना सुरू झाली आणि १९७२-७३ पासून शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. निवास, जेवण, पुस्तके आणि शिक्षण एकाच ठिकाणी देणारी ही व्यवस्था जव्हार-मोखाड्याला फार गरजेची होती. येथील भातशेती आणि डोंगरउतारावरील नाचणी, वरई ही पिके पावसावर अवलंबून आहेत. सुगी आटोपली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात, ती बरीचशी होळीला किंवा पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आई-वडील स्थलांतरित झाले तरी मुलाची शाळा चालू राहावी, यासाठी निवासी शाळा हाच भरवशाचा आधार ठरला. या शाळांचा कारभार आदिवासी विकास विभागाच्या जव्हार येथील एकात्मिक प्रकल्प कार्यालयाकडे आला.

परदेश प्रवासाचे नियमही याच काळात बदलले. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग सहानी खटल्यात दिला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा संमत झाला. तोवर पासपोर्ट देणे वा नाकारणे सरकारच्या मर्जीवर होते. पैशाच्या बाजूने पाहता, केंद्र सरकारने १९५४-५५ मध्येच अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली होती. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र परदेशी शिष्यवृत्ती २००५ मध्ये आणली. बडोद्याच्या महाराजांनी ज्या मदतीचा पायंडा पाडला, ती आता कायद्याने चालणाऱ्या राज्याची जबाबदारी झाली.

हक्क आणि पैसा यांच्यानंतर येतात कागद, आणि डोंगरी पाड्यावरील विद्यार्थ्याची वाट अनेकदा येथेच अडते. घरी झालेल्या जन्माची नोंद राहून जाई आणि शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही जन्मतारीख लिहीत. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्म प्रमाणपत्रच द्यावे लागे. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट शिथिल होऊन शाळा सोडल्याचा दाखलाही चालू लागला. आश्रमशाळेचे जनरल रजिस्टर त्यामुळे परदेश प्रवासाचाही आधार बनले. शिष्यवृत्तीसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि अल्पवयीन विद्यार्थ्याच्या पासपोर्टसाठी आई-वडिलांची लेखी संमती लागते. पालक भट्टीवर गेलेले असले तर एका सहीसाठी दिवस मोडतात. नेपाळचा प्रवास त्या मानाने सोपा आहे. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही आणि १५ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांनी दिलेले ओळखपत्रही चालते.

आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या समूहाने देशाबाहेरचे मोठे ध्येय गाठले, ते एव्हरेस्टच्या निमित्ताने. तेलंगणातील शासकीय निवासी शाळांच्या दोन विद्यार्थ्यांनी मे २०१४ मध्ये एव्हरेस्ट सर केले होते. त्याच धर्तीवर महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी शिखरावर पोहोचले. दुसऱ्या वर्षी निवड राज्यभरातून झाली आणि तिच्यात पालघर जिल्ह्यातील विद्यार्थीही होते. मे २०१९ मध्ये या दुसऱ्या तुकडीतील नऊ जणांनी एव्हरेस्ट गाठले. अशा मोहिमेची तयारी निघण्याच्या दिवशी सुरू होत नाही. शारीरिक चाचण्या, टप्प्याटप्प्याची निवड, दार्जिलिंग आणि लडाखमधील बर्फाचा सराव, वैद्यकीय तपासणी आणि पालकांची संमती असा तिचा दीर्घ क्रम असतो. डोंगर चढण्याचा दम या मुलांकडे आधीपासून होता. त्यांना निवड, प्रशिक्षण, साहित्य आणि खर्चाची हमी हवी होती, ती शासनाने दिली.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाड्याला जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. तरीही दाखले, पडताळणी आणि पासपोर्ट यांसाठी घाटाखाली माराव्या लागणाऱ्या खेपा पूर्ण थांबलेल्या नाहीत. या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. येथील मुलांची पात्रता कधीच कमी नव्हती, मात्र ज्या पिढीला शाळा, पैसा आणि कागद ही तिन्ही एकत्र मिळाली तीच पिढी सीमेपार गेली. म्हणून प्रत्येक आश्रमशाळेने आठवीपासूनच विद्यार्थ्याची जन्मनोंद, जात पडताळणी आणि पासपोर्ट यांचे काम शाळेतूनच पूर्ण करून द्यावे आणि परदेशी शिष्यवृत्तीची माहिती पाड्यापर्यंत पोहोचवावी. राजवाड्यातील एका मुलाला जे सहज मिळाले, ते पाड्यावरील प्रत्येक मुलाला मिळवून देणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.