राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप : अतिसंवाहकतेवरील सैद्धांतिक संशोधनासाठी

पीएचडीनंतर दोन वर्षे भारतातील संस्थेत पूर्णवेळ संशोधन करण्यासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन (पूर्वीचे एसईआरबी) ही फेलोशिप देते. प्रयोगशाळा न लागणारे विषयही यात बसतात. उदाहरणार्थ, अपारंपरिक अतिसंवाहकता. थंड पाऱ्यातून वीज विनारोध वाहते हे १९११ मध्ये दिसले. अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, हे त्यामागचे कारण १९५७ मध्ये उलगडले. १९८६ मध्ये सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांना मात्र ते पुरत नाही. तिथे जोड्या कशा जमतात, यावर आजही एकमत नाही. पण प्रस्तावात एवढेच लिहून भागणार नाही. कोणता पदार्थ, कोणते गणिती प्रारूप, आकडेमोड कोणत्या संगणकावर, हे स्पष्ट लिहावे.

अर्जदार भारतीय नागरिक असावा. वयोमर्यादा ३५ वर्षे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग व महिलांना ५ वर्षांची सवलत आहे. प्रबंध सादर झाला असून पदवी मिळायची असली तरी अर्ज करता येतो. पदवी मिळेपर्यंत मासिक रक्कम कमी असते. मार्गदर्शक नियमित पदावर असावे लागतात, त्यांची संमती आधीच घ्यावी. ही फेलोशिप एकदाच मिळते, त्यामुळे विषय घाईत ठरवू नये. जाहिरात निघाल्यावर अर्ज ऑनलाइनच भरावा.