मुंबईचा प्लेग आणि ज्ञातींची रुग्णालये

ज्ञातिसंस्थांच्या कार्याचा विषय निघाला म्हणजे शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, विवाहखर्चास आळा या गोष्टी प्रथम आठवतात. परंतु मुंबईतील ज्ञातींच्या संघशक्तीची खरी कसोटी सव्वाशे वर्षांपूर्वी एका रोगाने घेतली. त्या कसोटीत आपले पूर्वज कोठे उतरले आणि कोठे उणे पडले, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे आम्हांस वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, रुग्ण ओळखले. बंदराजवळची धान्याची कोठारे, त्यांतील उंदीर आणि दाटीवाटीच्या चाळी यांमुळे रोग झपाट्याने फैलावला. हिवाळा सरेपर्यंत शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांनी घटलेली दिसावी, यावरून त्या संकटाची कल्पना यावी.

महापालिकेने स्वच्छतेची मोठी मोहीम उघडली. गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक अॅसिडने धुतली गेली, घरांना चुना दिला गेला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरविली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली गेली. उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत एवढा खटाटोप रोगाच्या खऱ्या वाटेला भिडलाच नाही.

याहून कठीण प्रश्न रुग्णांना वेगळे ठेवण्याचा होता. ६ ऑक्टोबर १८९६ च्या आदेशाने रुग्णास सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार पालिकेने घेतला. तेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, स्त्रियांना परपुरुष तपासतील काय, अंत्यसंस्कार यथाविधी होतील काय, या शंकांनी लोक धास्तावले व आजारी माणसे लपवू लागले. २९ ऑक्टोबर रोजी गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि लगेच नियम सैल करावा लागला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला व मार्चमध्ये ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरझडत्या सुरू झाल्या, तशी लोकांची भीती आणखी वाढली.

या कोंडीतून वाट काढली ती ज्ञातींनी व जमातींनी. पारशी, जैन, खोजा, मेमण इत्यादी समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली आणि गॅटेकर समितीनेही त्यांस उत्तेजन दिले. तेथे आपला आचारी, आपले पाणी, आपली भाषा आणि उशाशी बसण्यास आपले माणूस असे. त्या काळी प्लेगवर रामबाण औषध नव्हते. या रुग्णालयांतही पुष्कळ रुग्ण दगावले. तथापि रुग्ण लपविण्याचे कारण तेवढे कमी झाले, ही काही लहान गोष्ट नव्हे. लसीच्या बाबतीतही असेच घडले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली; पुढे तरुण आगाखानांनी ती उघडपणे टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातील अनेक जण पुढे आले. सरकारी हुकमाने जे साधले नाही ते आपल्या माणसाच्या शब्दाने साधले.

येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. परंतु ती येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या ज्ञातीत धनिक नव्हते, ज्यांची संस्था नव्हती, त्यांनी कोठे जावे? त्यांच्यासाठी सार्वजनिक रुग्णालय आणि विलगीकरणाच्या छावण्या एवढेच उरले. सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती खुद्द पालिका आयुक्त स्नो यांना होती. साऱ्या शहराचे जीवित ज्यांच्या हातांवर अवलंबून होते, त्यांचा स्पर्श मात्र बहुतेक ज्ञातींना वर्ज्य होता.

त्याच साथीत पुण्याजवळ एका स्त्रीने निराळा मार्ग दाखविला. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या उपचारकेंद्रासाठी रुग्ण गोळा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर वाहून आणले. त्यांनाही प्लेगने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या मुलाची जात त्यांनी आड येऊ दिली नाही.

१८९७ चा तोच कायदा २०२० च्या करोना साथीत पुन्हा अमलात आला. आपल्या संस्थेने तेव्हा ज्ञातिबांधवांना शिधा व औषधे पोहोचविली, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या नियमांत ‘केवळ ज्ञातीतील कुटुंबांसाठी’ हे शब्द आजही कायम आहेत. आपल्या इमारतीचा जिना झाडणारी बाई आणि रात्री दारावर बसणारा रखवालदार या शब्दांच्या बाहेर राहतात. रोग मात्र त्यांना आणि आपल्याला वेगळे मानीत नाही.

आपल्या माणसावर विश्वास बसतो, म्हणून ज्ञातिसंस्था उपयोगी पडली, हा प्लेगचा एक धडा होय. ‘आपले माणूस’ या शब्दांची मर्यादा आपण कोठवर आखतो, हा दुसरा. पहिला धडा आपण चांगला गिरविला आहे. दुसऱ्याचा आरंभ म्हणून, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत निधीच्या नियमांतील ते शब्द वगळण्याचा ठराव सभासदांनी विचारात घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.