सरंजाम : मिरजेच्या मातीतली कुळकथा

पूजेचा सरंजाम, लग्नाचा साजसरंजाम, सरंजामी थाट, सरंजामशाही : एकच शब्द देवघरापासून राजकीय सभेपर्यंत फिरतो. मुळात तो फारसी, अर्थ सिद्धता, तयारी. मराठी राज्यकारभारात त्याला काटेकोर अर्थ आला तो फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेल्या मुलखाचा. इनाम हे बक्षीस; सरंजामाला चाकरीची अट.

शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. पुढे राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाशी झुंजताना खजिना आटला आणि सरदारांना मुलूख तोडून देण्याची वहिवाट पडली. पेशवाईत तिची रीतसर व्यवस्था झाली. ‘तैनात जाबता’ नावाच्या कागदात सरदाराकडचे महाल, त्यांचा वसूल आणि त्यातून बाळगायची फौज यांची नोंद होई. सरंजामाचा सगळा जीव या कागदात. वसूल खायचा आणि स्वार कमी ठेवायचे, ही त्यातली नेहमीची पळवाट. म्हणून फौजेची गणती होई.

मिरज हे याच पद्धतीचे उदाहरण. शाहू महाराजांनी १७३९ साली जिंकलेला मिरजेचा किल्ला पानिपतानंतर, १७६१ मध्ये, माधवराव पेशव्यांनी सरदार गोविंद हरी पटवर्धनांच्या हवाली केला. दक्षिणेत म्हैसूरचा हैदर, शेजारी कोल्हापूरचे राज्य. दोघांवर वचक ठेवणारी फौज कृष्णाकाठीच पोसली जावी, हा हिशेब. पण या पद्धतीतला धोका लगेच दिसला. १७६२ च्या अखेरीस पेशव्यांचे काका राघोबादादा मिरजेवर चालून गेले, त्यांनी किल्ला घेतला आणि गोविंद हरींचे पुत्र गोपाळराव पटवर्धन हैदराबादच्या निजामाला मिळाले. राज्यासाठी पोसलेली फौज राज्याच्या शत्रूकडे गेली. राक्षसभुवनाच्या लढाईच्या सुमारास समेट झाला आणि मिरज पटवर्धनांकडे परत आली.

इंग्रजांनी हेच गणित उलटे मांडले. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्याने २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, तोही फौजेसाठीच. मात्र ती ‘तैनाती फौज’ ईस्ट इंडिया कंपनीची होती आणि कंपनीचाच हुकूम मानत होती. १८१२ मध्ये पंढरपूरच्या तहाने पेशवा आणि पटवर्धनादी सरदार यांच्यातही कंपनी हमीदार म्हणून बसली. पेशवाई बुडाल्यावर पटवर्धनांनी कंपनीशी करार केले. १८२० मध्ये मिरजेच्या चार वाटण्या झाल्या. दोन पुढे वारसाअभावी खालसा झाल्या, उरल्या थोरली पाती आणि धाकटी पाती. लढायचे कामच उरले नाही, तसा सरंजाम हा निव्वळ वारसाहक्क झाला. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९५२ च्या नियमांनी मुंबई राज्यातले सरंजाम सरकारजमा झाले.

कर्तव्य सुटले आणि हक्क तेवढा राहिला, म्हणून ‘सरंजामी’ हा शब्द आज दूषण म्हणून वापरला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यामागचा व्यवहार संपलेला नाही. जपान आणि दक्षिण कोरियात अमेरिकेचे सैनिक आहेत, त्यांच्या खर्चाचा वाटा ते देश उचलतात, आणि त्या वाट्यावर वाटाघाटी होत राहतात. वर्तमानपत्रात संरक्षण करार, लष्करी मदत, सुरक्षेची हमी असे शब्द आले की वाचकाने तैनात जाबत्याचे प्रश्न विचारावेत : फौज कुणाची, खर्च कुणाचा, हुकूम कुणाचा? तिन्हींचे उत्तर एकच आले नाही, तर फौज ठेवून घेणाऱ्या देशाचे स्वातंत्र्य अपुरे आहे असे समजावे.