ताजच्या बॉलरूममधून लालबागच्या थिएटरात

सेकंड शिफ्ट सुटली आहे. निघोज्यातल्या कंपनीच्या गेटबाहेर बस उभी आहे. तुम्ही खिडकीची जागा धरता आणि डोळे मिटता. उघडता तेव्हा चाकणचा ट्रॅफिक गेलेला असतो. नाकात खारा वारा शिरतो. समोर गेटवे ऑफ इंडिया, बांधून जेमतेम बारा वर्षं झालेलं. साल 1936.

ताज हॉटेलच्या पुढच्या दारातून या कपड्यांत तुम्हाला कोणी आत सोडणार नाही. मागच्या बाजूने जा. ट्रम्पेटची पेटी काखेत मारलेला एक गोवेकर तरुण तुम्हाला सोबत घेतो आणि बॉलरूमच्या कडेला पडद्याआड जागा करून देतो. ‘हांगा बस,’ म्हणतो आणि स्वतः कान टवकारून उभा राहतो.

मंचावर क्रिकेट स्मिथ यांचा जॅझ ताफा आहे. बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकन. पियानोवर टेडी वेदरफोर्ड. हा माणूस शिकागोत प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीला वाजवत होता, 1926 मध्ये अमेरिका सोडून आशियात आला. सॅक्सोफोनवाले रूडी जॅक्सन नामवंत जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातले. ढोलाचा ठोका तुमच्या छातीत बसतो. समोर फॉक्सट्रॉट नाच चालू आहे: गोरे अधिकारी, संस्थानिक, श्रीमंत पारशी कुटुंबं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कॉटन क्लब नावाचा प्रसिद्ध क्लब होता. तिथे मंचावर काळे कलावंत आणि खुर्च्यांवर फक्त गोरे. अमेरिकेने या लोकांचं संगीत डोक्यावर घेतलं, पण त्यांना शेजारी बसवलं नाही. ते इतक्या लांब का आले, हे मग निराळं विचारावं लागत नाही. अर्थात इथल्या खुर्च्यांवरही तुम्ही नाहीच. गिरणगावातला एकही माणूस नाही.

तुमच्या शेजारचा तरुण मात्र सगळं टिपतो आहे. गावच्या चर्चच्या शाळेत तो पाश्चात्त्य स्वरलिपी शिकला. धोबीतलावच्या कुडात, गाववाल्यांच्या त्या सामाईक खोलीत, तो राहतो. कागदावरचं काहीही तो वाजवेल. कागदावर नसलेलं ऐन वेळी कसं सुचतं, हे त्याला आज रात्री शिकायचं आहे. कुडचडेचे फ्रँक फर्नांड पुढे वेदरफोर्ड यांच्याच ताफ्यात वाजवू लागतील. आल्डोणेचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून नाव काढतील. लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणतील.

आता पंधरा वर्षं पुढे चला. वाटेत साहेब गेला, संस्थानं विलीन झाली, मुंबईत दारूबंदी आली. अमेरिकेत 1920 ते 1933 च्या दारूबंदीने जॅझला चोरट्या गुत्त्यांत नेलं. मुंबईत ती आल्यावर हॉटेलं ओस पडू लागली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंत जास्त दिसू लागले. माझ्या मते या संगीताच्या मुंबईतल्या प्रवासातलं हेच सर्वांत मोठं वळण.

1951. तुम्ही लालबागच्या एका थिएटरात स्वस्तातल्या बाकावर आहात. ‘अलबेला’ लागलाय. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. पडद्यावर नाचणारे भगवानदादा पालव गिरणी कामगाराचे चिरंजीव. गीता बालीसोबत त्यांचा नाच सुरू होतो, मागे चिक चॉकलेटचा ताफा उभा आहे आणि अख्खं थिएटर उठून नाचतंय. शेजारचा साचेवाला तुम्हाला ओढून उभं करतो. ताजच्या पडद्याआड चोरून ऐकलेला तो ठोका आता त्याच्या पायांत आहे. इथे त्याला कोणी मागच्या दाराने पाठवत नाही.

गोव्याच्या या वादकांनी आणि अरेंजरांनी हिंदी सिनेमाला वाद्यमेळ दिला. चाल संगीतकाराची, ती वीस-पंचवीस वाद्यांत वाटून स्वरलिपीत उतरवणं बहुतेकदा यांचं काम. श्रेयनामावलीत मात्र त्यांना क्वचितच जागा मिळाली. वेदरफोर्ड 1945 मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेले, चिक चॉकलेट 1967 मध्ये.

तेव्हा भगवानदादांच्या नाचाची मजा घेताना एकदा नजर त्यांच्या मागच्या ताफ्याकडे वळवा. ट्रम्पेट वाजवणाऱ्या त्या माणसाचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. घरातल्या मुलांनाही सांगा.