डबा आधी, ओपनर नंतर

आपल्या गणेशोत्सवाच्या जेवणाला आमरसाचे तीन किलोचे डबे लागतात. ते फोडायला हॉलच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलेला उंच ओपनर असतो. त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

पत्र्याच्या डब्याचे पेटंट पीटर ड्युरँड यांनी इंग्लंडमध्ये १८१० साली घेतले. तो उघडायचा कसा, याचा विचार मात्र झाला नाही. १८२४ च्या पॅरी यांच्या आर्क्टिक मोहिमेतील मांसाच्या डब्यावर छिन्नी-हातोडी वापरण्याची सूचना होती! पुढे पत्रा पातळ झाला. १८५५ मध्ये इंग्लंडात येट्स यांनी आणि १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांनी ओपनर काढले. १८७० साली विल्यम लायमन यांनी त्याला फिरते चाक जोडले.

हॉटेले, शाळा यांना रोज मोठे डबे फोडावे लागत. त्यांच्यासाठी टेबलावरचा ओपनर आला. व्हरमाँटमध्ये १९२५ साली सुरू झालेली एडलंड कंपनी त्यासाठी नावाजली. दांडा दाबला की पाते झाकणात शिरते; मूठ फिरवली की दातेरी चाक डबा फिरवते.

पाते मात्र प्रत्येक डब्यातल्या अन्नाला लागते. तिथे वाळलेल्या रसात जंतू वाढतात, आणि धार गेली की पत्र्याचा कीस अन्नात पडतो. म्हणूनच पाते सहज काढता यावे व धारदार ठेवावे, असे अमेरिकेचा फूड कोड सांगतो.

तेव्हा स्वयंसेवकहो, पहिला डबा फोडण्याआधी दांडा उपसून पाते साबणाच्या गरम पाण्याने धुवा. बोथट असेल तर बदलून मागा. सगळ्या पंगतीचा आमरस त्या एकाच पात्याखालून जातो.